वीस तारखेलाच महिनाअखेर

मंडळी, मागच्या अंकात आपण विचारलं होतं की कंपन्यांत ओव्हरटाइम बंद झालेत, कुणाचा पगार कमी झालाय, कुणाची नोकरीच गेलीये, तर घर चालवताना काय अडतंय ते कळवा. पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतकं आलं की सगळं छापायचं तर अंकात दुसरं काही मावायचं नाही. नावं कुणाचीच देत नाहीये. एक गोष्ट मात्र जाणवली, निम्म्या पत्रांच्या शेवटी हेच होतं की "हे आमच्या घरी कुणाला माहीत नाही, प्लीज." बघू त्याचं काय करायचं ते.

प्रश्न : ताई, मिस्टरांचं नाशिकमधल्या अंबडच्या एका कंपनीतलं कॉन्ट्रॅक्ट संपलं. दोन महिने घरी होते, आता दुसरीकडे लागलेत पण आधी 38 हजार हातात यायचे ते आता 22 येतात. घराचा हप्ता 11,500, गाडीचा 2,800, मुलीच्या क्लासचे महिन्याला 2,000 आणि माझी भिशी 2,000. मी भाजी कमी केली, दूध लिटरचं अर्धा लिटर केलं, साबणाचे तुकडे एकमेकांना चिकटवून वापरते, तरी वीस तारखेला पाकीट रिकामं. अजून कुठे काटकसर करू? (एक वाचक, सिडको)

उत्तर : ताई, तुमचेच आकडे मी कागदावर एकाखाली एक मांडले. चारही मिळून झाले 18,300. बावीस हजारातून ते गेले की उरतात 3,700, आणि त्यात किराणा, दूध, गॅस, लाइट बिल, दोन मोबाइल, पेट्रोल, कुणी आजारी पडलं तर डॉक्टर. अहो ह्यात साबणाच्या तुकड्यांनी काय होणारे? तुम्ही काटकसरीत कुठेच कमी पडत नाही आहात, ती फक्त नको त्या ठिकाणी चाललीये. टाकीला खालून भोक पडलंय आणि तुम्ही वरून तांब्या जपून वापरताय. दूध आधी परत एक लिटर करा, मुलगी वाढीच्या वयातली आहे.

आता भोकाकडे. घराच्या हप्त्यासाठी दोघं मिळून बँकेत जा, फोनवर बोलू नका, पगार कमी झाल्याचे कागद आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट घेऊन जा आणि लेखी अर्ज द्या की मुदत वाढवून हप्ता कमी करा. हे हप्ता चुकायच्या आधी करायचं. एकदा तो बाउन्स झाला की दंड लागतो, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बिघडतं आणि तोच मॅनेजर खुर्चीत बसा म्हणायचा बंद होतो. मुदत वाढली की एकूण व्याज जास्त जातं, हो, जातंच, पण आत्ता तुम्हाला श्वास घ्यायला जागा पाहिजे. पुढे दिवस फिरले की जास्तीचे पैसे भरून मुद्दल कमी करता येतं, व्याजदर बदलता असेल तर घरकर्जावर त्याचा दंडही नसतो.

गाडी विकून कर्ज मिटत असेल तर मला विचाराल तर विकाच. कंपनीची बस किंवा शेजारच्याच्या मागे बसून पेट्रोल निम्मं निम्मं, नाहीतर सिटीलिंक बसचा पास. पुरुषांना गाडी विकणं फार लागतं मनाला, माहितीये मला, पण महिन्याचे 2,800 अधिक पेट्रोल म्हणजे तुमचा अख्खा किराणा झाला. भिशी अजून लागली नसेल तर बायकांना मोकळेपणाने सांगा की पुढचा नंबर मला द्या, आणि ते पैसे आले की साडी किंवा फ्रिज नाही, गाडीचं उरलेलं कर्ज नाहीतर तीन महिन्यांचा किराणा. फक्त लक्षात ठेवा, उचलल्यावरही हप्ता शेवटपर्यंत भरायचाय.

आणि एक, जे पत्रात कुणीच लिहिलं नाही. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. तो गेलाय हे बऱ्याच घरांना अ‍ॅडमिट व्हायच्या वेळी काउंटरवर कळतं. रेशनकार्ड शोधून ठेवा, त्यावरची नावं आणि आधारवरची नावं जुळतात का बघा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमच्या जवळचं कुठलं हॉस्पिटल आहे ते आत्ताच विचारून ठेवा, तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. अडचणीच्या दिवसात नावाचं स्पेलिंग दुरुस्त करत कोणी हिंडू नये.

हे सगळं मी शहाणपणाने नाही सांगत. 2001 साली आमच्या ह्यांच्या सातपूरच्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा मी नेमकं उलटं केलं. भाजीवाल्याशी आठ आण्यासाठी भांडले आणि किराणा मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून उधारीवर. लाल कापडी बांधणीची वही होती त्याच्याकडे, आमच्या नावाचं पान त्यात दोनदा पुढे गेलं. तीन महिन्यांनी लक्षात आलं की उधारीवर घेताना मी भावच विचारत नव्हते. विचारणार कुठल्या तोंडाने? तो देईल ते तांदूळ, लावेल तो भाव. हल्ली दुकानदाराच्या वहीऐवजी फोनमध्ये "आत्ता घ्या, नंतर भरा" असतं, एवढाच काय तो फरक.

प्रश्न : आम्ही सहा माणसं. किराण्याचं बिल नऊ हजारांच्या खाली येतच नाही. मी ऑफर बघून मॉलमधूनच सामान आणते, तरी सासूबाई म्हणतात की आमच्या काळात एवढ्यात वर्षाचं धान्य भरायचं. काय चुकतंय? (एक वाचक, जेल रोड)

उत्तर : सासूबाईंच्या काळातल्या भावांचं सोडा, पण त्यांच्या काळातल्या रिकाम्या ट्रॉलीचं मात्र बघा, ती नव्हतीच ना. पिशवी होती, हात दुखायला लागला की खरेदी संपायची. ऑफरचं सामान स्वस्त असतं पण ते तुमच्या यादीत नव्हतं. दोनावर एक फ्री बिस्किटं आली की ती मुलं त्याच आठवड्यात संपवतात, जपून नाही खात कोणी.

पुडीवरचं वजन वाचायची सवय लावा. तेलाचा पाउच हातात घेतला की तो लिटरचाच असेल असं आपण धरून चालतो, लिटरभर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम, आणि हल्ली 800, 850 ग्रॅमचे पाउच अगदी तसेच दिसतात आणि दहा-पंधरा रुपयांनी स्वस्त वाटतात. पाकिटावर बारीक अक्षरात ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती पैसे पडतात तेही छापलेलं असतं, चष्मा लावून तेवढं बघायचं. मी बघते. पोरं लाजतात माझ्याबरोबर दुकानात यायला.

गहू, तांदूळ, साखर ह्यांच्यासाठी दोन-तीन घरं मिळून रविवार कारंजाकडे होलसेलला जा, कट्टा घ्या आणि वाटून घ्या, रिक्षाभाडंही वाटलं जातं. भाजीला बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजारात जा, पण सकाळी नको, उन्हं उतरल्यावर. मेथी-कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्याला परत घरी न्यायची नसते, तेव्हा भाव आपोआप उतरतो, घासाघीस करायचीही गरज नाही. आणि प्लीज त्या खेड्यातून आलेल्या म्हातारीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालू नका, मॉलमध्ये घालता का?

डाळीचं म्हणाल तर रोज तुरीचंच वरण पाहिजे हा हट्ट सोडायचा. निम्मी तूर निम्मी मूग, एक दिवस मसूर, एक दिवस पिठलं, एक दिवस मटकी. डाळ अर्धा तास आधी भिजवली तर शिट्ट्या निम्म्या होतात, आणि एकाच कुकरात खाली बटाटे, मध्ये डाळ, वर भात लावायचा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा, मोठ्या आचेवर काही लवकर शिजत नाही, नुसती वाफ बाहेर जाते आणि सिलिंडर तेवढाच, 14.2 किलोचा.

आणि हुलगे, म्हणजे कुळीथ. आपल्याकडच्या नव्या सुनांना हुलगे माहीतच नाहीत ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, तिखट, मीठ घालायचं, घट्ट मळायचं आणि हातावर तेलाचं बोट लावून करंगळीएवढे लांबट वळायचे, त्याचं कडं करायचं. पातेल्यात लसणाची फोडणी देऊन पाणी उकळलं की एकेक सोडायचा, सगळे एकदम टाकले की गोळा होतो. दहा मिनिटांत पाण्याला दाटपणा येतो, ते पीठच रस्सा करतं, वेगळं वाटण नको की खोबरं नको. शेंगोळे. वाटीभर पिठात चार माणसं जेवतात आणि दुसऱ्या दिवशी उरले तर जास्त चांगले लागतात. पेठ-सुरगाण्याकडून येणारी नागली, म्हणजे नाचणी, पण अशीच, आठवड्यातून दोनदा भाकरी करा, गहूही पुरतो. मुलं पहिल्यांदा काळी भाकरी म्हणून नाक मुरडतात, गरम असताना वर साजूक तूप घाला. तूप कुठून? रोजची साय साठवून, आणि कुठून.

प्रश्न : तुम्ही जानेवारीच्या अंकात लिहिलं होतं की स्वस्ताईत गोणीभर कांदा घेऊन ठेवा. आम्ही घेतला. तीन आठवड्यांत अर्धी गोणी सडली, गॅलरीत वास, शेजारी भांडायला आले. जबाबदार कोण? (एक चिडलेला वाचक, पंचवटी)

उत्तर : मी. कोणता कांदा ते लिहायचं राहिलं आणि ते नाशिकमध्ये बसून राहिलं, म्हणजे लाजच. थंडीत बाजारात असतो तो लाल कांदा, त्यात पाणी जास्त, तो टिकत नाही, आठ-पंधरा दिवसांपुरताच घ्यायचा. साठवायचा तो उन्हाळ कांदा, मार्च-एप्रिलपासून यायला लागतो. शेतकरी चाळीत भरतात तो हाच, पाच-सहा महिने राहतो. मान सुकलेली, पत्ती घट्ट आणि कोरडा असा बघून घ्या. लासलगाव-पिंपळगावकडचा कुणी नातेवाईक असेल तर त्याला म्हणा गोल्टी दे, म्हणजे बारीक कांदा, चवीला तोच, भाव कमी, फक्त सोलायचा कंटाळा.

प्लास्टिकच्या पिशवीत किंवा गोणी शिवलेली तशीच ठेवू नका. जाळीच्या क्रेटमध्ये किंवा पलंगाखाली पोत्यावर पसरून, वारा लागेल असा, आणि बटाट्यांपासून लांब. दर रविवारी खाली वाकून एकदा हात फिरवायचा, मऊ लागला तो बाहेर, कोंब आला तो आजच्या भाजीत. एक नासका राहिला की शेजारचे चार नासवतो. तुमच्या शेजाऱ्यांना माझ्यातर्फे सॉरी सांगा.

प्रश्न : माझं वय 67. मुलाची नोकरी गेली. त्याच्यावर भार नको म्हणून मी बीपीची आणि शुगरची गोळी एक दिवसाआड घेते. त्याला माहीत नाही. चालेल ना? (एक आजी, नाशिकरोड)

उत्तर : नाही चालणार आजी. आजपासून रोज घ्या. बीपीची गोळी अशी सोडत गेलं की एक दिवस काय होतं ते तुमच्या ओळखीत कुणाला तरी झालेलं असेलच, आणि मग मुलाला जो खर्च येईल तो गोळ्यांच्या दहा वर्षांच्या खर्चापेक्षा जास्त असेल. डॉक्टरांना सांगा की गोळीचं ब्रँडचं नाव नको, औषधाचं नाव लिहून द्या, ते घेऊन जनऔषधी केंद्रात जा, तिथे तीच औषधं 50 ते 90 टक्क्यांपर्यंत स्वस्त असतात. तेही जमत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या ओपीडीत दाखवा. मुलाला सांगा. तो रागावेल, रागावू दे.

प्रश्न : पगार उशिरा व्हायला लागले तेव्हापासून घरखर्च क्रेडिट कार्डावर चाललाय. आता बाकी 60 हजार झालीये. दर महिन्याला मिनिमम ड्यू न चुकता भरतो तरी आकडा हलत नाही, आणि आता फोन यायला लागलेत. बायकोला सांगितलेलं नाही. (एक वाचक, पाथर्डी फाटा)

उत्तर : भाऊ, आकडा हलत नाही कारण तुम्ही बाकी भरतच नाही आहात, व्याज भरताय. बघा, कार्डाचं व्याज साधारण महिन्याला साडेतीन टक्के धरू, वर्षाला नव्हे, महिन्याला. साठ हजारावर झाले 2,100. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 378. म्हणजे 2,478. मिनिमम ड्यू पाच टक्के असेल तर तुम्ही भरता 3,000. मुद्दलातले गेले 522 रुपये. आणि त्याच महिन्यात तुम्ही परत कार्डावर किराणा घेतला असणार. वर बाकी असताना नव्या खरेदीला ते पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे मिळत नाहीत बरं का, पहिल्या दिवसापासून व्याज.

कार्ड आजच पाकिटातून काढा, अ‍ॅपमधून पण काढा. मग कार्डाच्या बँकेला विचारा की ही बाकी हप्त्यांत करून देता का, दर विचारा. दुसरीकडे पर्सनल लोन बारा-पंधरा टक्क्यांनी मिळत असेल तर ते घेऊन कार्ड मिटवा, घरात सोनं असेल तर सोनेतारण त्याहून सोपं पडतं पण व्याज वेळेवर भरत राहा, नाहीतर लिलावाची नोटीस येते. फोनवर कोणी "सेटलमेंट करून टाका" म्हणालं तर हुरळून जाऊ नका, सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे घरकर्जाला तो नडतो. दुसरा काहीच मार्ग नसेल तरच, तेही लेखी घेऊन. आणि इन्स्टंट लोनच्या अ‍ॅपकडे बघूही नका.

फोनचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत, शिवीगाळ नाही, धमकी नाही, नातेवाईकांना फोन करून बदनामी नाही. तसं झालं तर तारीख, वेळ लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही.

आणि बायकोला सांगा हो. तिला कळलेलं आहे. नवरा फोन आला की गॅलरीत जातो हे कुठल्या बायकोला कळत नाही?

प्रश्न : लाइट बिल 100 युनिटच्या वर गेलं की सगळ्याच युनिटला महाग दर लागतो म्हणे, म्हणून आम्ही 90 झाले की टीव्ही बंद करतो. बरोबर का? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : नाही, टीव्ही बघा. पहिल्या 100 ला स्वस्तच दर राहतो, वरच्या युनिटनाच पुढचा दर लागतो, पण तो पहिल्याच्या दुपटीहून जास्त असतो त्यामुळे वरची वीस युनिट वाचवली तर बिलात दिसतात. ती टीव्हीत नाही वाचत, गिझरमध्ये वाचतात. 2,000 वॉटचा गिझर अर्धा तास म्हणजे एक युनिट. थंडीत निफाडचा पारा घसरल्याचं पेपरात आलं की आपल्याकडे पहाटेपासून गिझर चालूच असतो, एकामागे एक आंघोळी उरका आणि बंद करा. जुना पंखा 75 वॉटचा असतो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 30 च्या आसपास, पण आत्ता पैसे नसताना पंखे बदलायला जाऊ नका.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. शाळेची ट्रिप, नवे बूट, मित्राचा बर्थडे, रोज काहीतरी असतं आणि मी रोज काहीतरी खोटं कारण सांगतो. त्याला खरं सांगितलं तर त्याच्या मनावर परिणाम होईल अशी भीती वाटते. शिवाय मे महिन्यात पुतणीचं लग्न आहे, आहेर काय करायचा? (एक वडील, मखमलाबाद)

उत्तर : आहेराचं आधी, कारण ते सोपं आहे. भावाला आत्ताच सांगा की ह्या वर्षी जमणार नाही, त्याऐवजी लग्नाच्या आठ दिवस आधीपासून येतो आणि सगळी धावपळ माझ्याकडे. लग्नघरात पाकिटापेक्षा माणूस कमी असतो. आमची कंपनी बंद पडली त्या वर्षी मी बहिणीला कळू नये म्हणून कर्ज काढून भाचीला अंगठी केली. ते कर्ज फेडायला दीड वर्ष लागलं आणि भाचीला ती अंगठी आठवतही नाही, मी विचारलं होतं.

मुलाला खरं सांगा, पण रडत नको आणि उपकार केल्यासारखंही नको. वही उघडा, पगार एवढा, हप्ता एवढा, उरतात एवढे, ह्यात आपण चौघं. नववीतल्या पोराला बेरीज-वजाबाकी येते. ट्रिप आणि बूट ह्यातलं एक ठरव म्हणा, त्याला ठरवू दे. सुट्टीत रामशेज किल्ल्यावर डबा घेऊन जा, सावानाचं, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाचं, सभासद करून टाका, 1840 पासूनचं वाचनालय आहे आपलं, महिन्याची वर्गणी एका पिझ्झ्यात बसते. आणि आठवड्याची भाजी त्याच्याकडे द्या, पैसे मोजून द्या, उरतील ते त्याचे. पहिल्या आठवड्यात महाग घेऊन येईल, काही बोलू नका.

आमच्याकडे कंपनी बंद होती तेव्हा मुलगी सातवीत होती, महिन्याभराने आम्ही खर्चाची वही तिच्याच हातात दिली. ती वही अजून आहे माझ्याकडे, परवा तुमचं पत्र वाचलं आणि कपाटातून काढली. तारखेपुढे तारीख, दूध, गव्हाचं दळण, रॉकेल, पेन रिफिल, सगळं तिच्या गोल गोल अक्षरात. आणि एका शनिवारी, खाली लाल पेनाने: "बाबांनी मेन रोडला भजी खाल्ली. 6 रु. आईला सांगू नको म्हणाले."